फुली कुठाय?

संकष्टीच्या संध्याकाळी चंद्रोदय किती वाजता आहे ते बघायला आईनं फोन उघडला. आई कराडला असते, वय ७४. पंचांगाचं ॲप भाच्यानं तिला फोनमध्ये घालून दिलंय. ते उघडलं आणि पडदाभर एक माणूस आला. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात चूर्णाचा डबा. शुगर मुळासकट जाईल, म्हणाला. आईला तो नको होता. दिवसभर उपास धरून बसलेल्या बाईला फक्त चंद्राची वेळ हवी होती. नको असेल तर फुली दाबायची, एवढं आम्ही तिला शिकवलंय. पण फुलीच दिसेना. तिनं चष्मा पुसला, फोन ट्यूबलाइटखाली नेला. पाच-सहा सेकंदांनी वरच्या कोपऱ्यात, करड्यावर करडी, मोहरीएवढी फुली उगवली. तिनं त्यावर बोट ठेवलं, तर जाहिरात मिटायची सोडून आणखी पसरली. नाव लिहा, नंबर लिहा. हे भरल्याशिवाय पुढं जाता येत नसेल, असं समजून तिनं भरलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. साधा दहा आकडी मोबाइल नंबर. बोलणारा मुलगा गोड होता, ‘मावशी’ म्हणाला, किती वर्षं शुगर आहे ते विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं. चार दिवसांनी पार्सल दारात. ९९९ रुपये रोख. चूर्ण घेताय तोवर सकाळची गोळी बंद ठेवा, असंही त्या मुलानं सांगितलं होतं. आईनं ती बंद ठेवली.

मी कराडला गेलो तेव्हा गोळ्यांच्या पाकिटात जेवढ्या असायला नकोत तेवढ्या गोळ्या शिल्लक होत्या. सकाळी उपाशीपोटी बोट टोचून पाहिलं तर २४८.

घरात सगळ्यांनी आईलाच धरलं. नंबर कशाला दिलास, अनोळखी माणसाशी इतकं बोललीस कशाला, निदान आम्हाला विचारायचंस. मीही बोललो. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, ‘‘अरे, मी फुलीच दाबली होती.’’

त्या वाक्यापाशी मी थांबलो. बाईनं नाही म्हटलं होतं. तिचं बोट नकारावर होतं. त्या नकाराचा होकार करून घेतला गेला आणि वर बोलणी तिनंच खाल्ली.

जाहिरातीला माझा विरोध नाही. हे सदर ज्या पानावर छापलं जातं, त्या पानाचा खर्च निम्म्याहून जास्त जाहिरातीतून निघतो, ते लपवण्यात अर्थ नाही. नवं दुकान निघालंय, नवी खानावळ सुरू झालीय, हे लोकांना कळायला हवं. आईच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी पतसंस्थेचं फुकट मिळालेलं कॅलेंडर असतं. खालच्या पट्टीवर पतसंस्थेचं नाव, शाखा, ठेवींचे व्याजदर. तीही जाहिरातच. वर्षभर भिंतीवर राहते, कुणाच्या आड येत नाही. आई त्यावर दुधाचा हिशेब लिहिते, गॅस कधी लावला ते लिहिते. नको झालं तर खिळ्यावरून काढता येतं. माझं भांडण आहे ते एवढ्याच गोष्टीवरून. जाहिरातीला नको म्हणायची सोय असली पाहिजे. जी जाहिरात ती सोय लपवते किंवा मोडते, ती चोरी करते.

आपल्याकडं ही सोय फार काळ शाबूत होती. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती लागू लागल्या, त्या पहिल्यांदा आपल्याच मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर. दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ ला आल्या. त्या दोन्ही काळांतली माणसं अजून घराघरात आहेत, त्यांना विचारा. जाहिरात लागली की आवाज बारीक करायचा, उठून कुकर लावून यायचं, पोरांना हाक मारायची. जाहिरातीची वेळ ठरलेली आणि आपण तेवढा वेळ खोलीतून निघून जायला मोकळे. पुढं खासगी वाहिन्या आल्या आणि तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवू नयेत, असा नियम करावा लागला. तो पाळला जातो का, हे घड्याळ लावून एखाद्या संध्याकाळी बघा. वाहिन्या या नियमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि प्रश्न वर्षानुवर्षं तसाच लोंबकळला.

फोननं खोलीतून निघून जायची वाटच बंद केली.

जाहिरात फोनवर कशी येते, ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. कराडच्या माणसाला गुळाचे सौदे माहीत असतात. ढेपी मांडलेल्या, व्यापारी भोवती, बोली चढते, सौदा ठरतो. तुम्ही एखादं ॲप किंवा पान उघडता तेव्हा पापणी लवायच्या आत असाच सौदा होतो, फक्त मांडलेला माल तुम्ही असता. फोन कुठल्या बनावटीचा, माणूस साधारण कुठल्या भागातला, भाषा कोणती, आधी काय काय पाहिलं-शोधलं, यातलं बरंच काही एका लांबलचक आकड्याला जोडलेलं असतं. अँड्रॉइडच्या फोनमध्ये त्या आकड्याला ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी’ म्हणतात. तो आकडा बाजारात फिरतो, यंत्रं आपसात बोली लावतात, ज्याची बोली लागते तो पडद्यावर येतो. मार्केट यार्डात शेतकरी निदान ढेपेशेजारी उभा असतो, भाव पडला तर माल परत नेऊ शकतो, संध्याकाळी हातात पट्टी पडते. इथं ज्याचा सौदा झाला त्याला पत्ताही नसतो.

त्या संकष्टीला दुपारी आईनं फोनच्या माइकवर बोट ठेवून विचारलं होतं, ‘‘शुगर असली तर उपासाला काय खावं?’’ संध्याकाळी पांढऱ्या कोटातला माणूस आला. याला योगायोग मानायला मी तयार नाही.

आता कायद्याकडं येऊ. लोक वैतागून म्हणतात की यावर कायदाच नाही. कायदा आहे, आणि बऱ्यापैकी नेमका आहे. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला या देशात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. त्याचं नाव औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, रक्तदाब ही नावं त्याच्या यादीत आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा सत्तरी ओलांडून गेला आणि त्याच्या नाकावर टिच्चून चूर्णवाला आईच्या हातातल्या फोनमध्ये उभा राहतो.

फुलीवरही नियम आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार सांगितले आणि त्यांना मनाई केली. टोपलीत न विचारता वस्तू सरकवणं, ‘आता फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई करणं, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा दारं ठेवणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, बातमीच्या वेषात जाहिरात घुसवणं, हे सगळं त्यात आहे. उदाहरणंही दिली आहेत. त्यातलं एक वाचून मी आईला फोन केला. कोपऱ्यातली फुली दाबल्यावर जाहिरात बंद व्हायच्या ऐवजी दुसरी उघडणं, हे उदाहरण तिथं जवळजवळ याच शब्दांत आहे. आईची चूक नव्हती, असं सरकारनंच लिहून ठेवलंय. आणखी एक उदाहरण विमानाच्या तिकिटाचं आहे. विमा नको असेल तर ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा ओळीवर बोट ठेवायला लावायचं. नकार देणाऱ्याला शरम वाटावी म्हणून केलेली ही रचना. आपल्याकडं दारावर आलेल्या विक्रेत्याला ‘आज नको’ म्हटलं की तो पुढच्या दाराला जातो. ‘मी आळशी आहे म्हणून नको’ असं तो आपल्याकडून वदवून घेत नाही.

मग हे थांबत का नाही? जून २०२५ मध्ये प्राधिकरणानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत तुमच्या दुकानात असे चकवे आहेत का ते तुम्हीच तपासा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं म्हणतात ते हेच. नगरपालिकेचा निरीक्षक हॉटेलवाल्याला सांगतो का, की तुझ्या भटारखान्यातली झुरळं तूच मोजून आम्हाला कळव? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतांनाही त्यातून सूट नाही. हा दंड गाजत गाजत वसूल झाला पाहिजे आणि पहिल्या पानावर छापून आला पाहिजे. मोठ्या कंपनीला दहा लाख काही वाटणार नाहीत, हे मला कळतं. पण नाव छापून आलं की वाटतं.

फोन खिशात तरी ठेवता येतो. रस्त्याचं काय? रस्त्यावर डोळे मिटून चालता येत नाही.

१३ मे २०२४ ला दुपारी मुंबईत वादळी वारा सुटला. घाटकोपरला छेडा नगरजवळ पेट्रोल पंपावर माणसं पेट्रोल भरत होती, काही पावसाच्या आडोशाला थांबली होती. शेजारचं होर्डिंग त्यांच्यावर कोसळलं. महापालिकेच्या नियमात जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची मुभा होती, ते उभं होतं १२० बाय १२० फुटांचं. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबात नऊपट. सतरा माणसं गेली. होर्डिंग नीट दिसावं म्हणून आजूबाजूच्या झाडांना विष घातल्याची तक्रार त्याआधी महापालिकेच्याच लोकांनी पोलिसांत दिलेली होती. आकाराचा विक्रम म्हणून त्याची नोंदही झाली होती. झाड वाळलं ते दिसलं, लोखंड वाढलं ते दिसलं, आणि तरी ते उभंच राहिलं, कारण त्यातून भाडं येत होतं.

घाटकोपर पहिलं नव्हतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात रेल्वेच्या जागेतलं होर्डिंग काढताना सिग्नलला थांबलेल्या रिक्षांवर पडलं, चौघं गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याजवळ किवळ्याला वादळात आडोसा घेतलेले पाच जण होर्डिंगखाली गेले. या सव्वीस माणसांपैकी कुणी त्या जाहिरातीतली वस्तू विकत घ्यायला तिथं आलं नव्हतं. तिला नको म्हणायचा रस्ताच त्यांच्याकडं नव्हता.

छोट्या गावांत होर्डिंगची जागा फ्लेक्सनं घेतली आहे. वाढदिवस, निवड, फेरनिवड, नुसतं गावात आगमन. आमच्या चौकात गेल्या महिन्यात एका फ्लेक्सनं एसटीच्या थांब्याची पाटी अख्खी झाकली होती. थांब्याखाली दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या, एसटी पुढं जाऊन थांबली, त्या पिशव्या घेऊन धावल्या. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशननं बेकायदा फलकांविरुद्ध याचिका केली, मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ ला सविस्तर निकाल दिला, राजकीय पक्षांनी आमचे कार्यकर्ते बेकायदा फलक लावणार नाहीत अशी हमी कोर्टात लिहून दिली. ती हमी आणि तुमचा चौक एकदा शेजारी ठेवून बघा. ज्या पुढाऱ्याचा चेहरा बेकायदा फलकावर आहे, त्याच्यावर पहिली नोटीस निघाली पाहिजे. ‘कार्यकर्त्यांनी लावला, मला माहीत नव्हतं’ हे उत्तर आता खपवून घेऊ नये. स्वतःचा चेहरा दहा फूट उंचीचा झालेला माणसाला दिसतो.

आणि मनापासून ठरवलं तर जाहिरात थांबवता येते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. तान्ह्या बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात तुम्ही शेवटची कधी पाहिली? १९९२ च्या कायद्यानं आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधाची जाहिरात बंद केली, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे तयार आहारही त्यात आले. डब्यावर बाळाचा फोटो छापायचा नाही, बाईचा छापायचा नाही. आईचं दूधच उत्तम, असं कंपनीनं स्वतःच्या डब्यावर छापायचं. ज्याला गरज आहे त्याला डबा औषधाच्या दुकानात आजही मिळतो. कंपन्या बुडाल्या नाहीत. नव्यानं बाळंत झालेल्या, थकलेल्या, दूध पुरतंय की नाही या काळजीत असलेल्या बाईच्या कानाशी कुणी कुजबुजायला येऊ नये, एवढंच ठरलं आणि ते बऱ्याच अंशी पाळलं गेलं. आईच्या वयाच्या आजारी माणसांच्या बाबतीत तेच का ठरू नये? मधुमेहाची धास्ती ही बाळंतिणीच्या काळजीपेक्षा कमी हळवी गोष्ट नाही.

पोरांच्या बाबतीत ते अर्धवट ठरलंय. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वेफर्स, कोल्ड्रिंक आणि तसल्या खाण्या-पिण्याच्या जाहिराती लहान मुलांच्या वाहिन्यांवर आणि कार्यक्रमांत दाखवायच्या नाहीत. पण पोरं आता वाहिन्या बघतात कुठं? ती आजोबांच्या फोनवर व्हिडिओ बघतात आणि त्यात दुसरं पोरगं हसत हसत पाकीट फोडतं. त्याच तत्त्वांत असंही आहे की जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरात असावा. आज घरातलं कुठलंही मराठी जाहिरातीचं पान काढा. दावा मराठीत, बोटाएवढ्या अक्षरांत. तळाशी चांदणीच्या खुणेखाली अटी इंग्रजीत, भिंग लावून वाचाव्यात अशा. ते नियमाविरुद्ध आहे. आम्हा छापणाऱ्यांनीही ते नाकारलं पाहिजे, आणि हे मी माझ्या संपादकांनाही सांगितलं आहे.

मला जास्त राग येतो तो या गोष्टीचा की हे सगळं चुकवायचं ज्ञान फक्त शिकलेल्या, सवड असलेल्या माणसाकडं आहे. पैसे भरून जाहिरातीशिवाय गाणी ऐकणारा, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन चार कळा फिरवणारा माणूस सुटतो. शेतावर बाजारभाव बघणारा, दवाखान्याच्या रांगेत बसलेला, पंचांग उघडणारी आई, हे सापडतात. जाहिरातीचा सगळा भार कमी ऐपतीच्या माणसाच्या डोळ्यांवर येऊन पडलाय.

म्हणून ते ज्ञान इथं साध्या भाषेत देतो. या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन हातात घ्या. अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये गुगल, त्यात ॲड्स, आणि तिथं ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. जाहिराती थांबणार नाहीत, पण पाठलाग कमी होईल. न वापरलेली ॲप काढून टाका. एसएमएस आला की पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटचं अक्षर बघायला शिकवा. २०२५ पासून तिथं इंग्रजी पी असेल तर ती जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. जाहिरातीचा फोन १४० नं सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यायला हवा. साध्या दहा आकडी नंबरवरून कुणी माल विकत असेल तर तो नियम मोडतोय. त्याची तक्रार १९०९ वर सात दिवसांच्या आत करा. एका नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तर कारवाई करावी लागते. म्हणजे एका वाड्यातली पाच घरं पुरतात. फसवी जाहिरात, चकवणारी फुली, खोटं औषध यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

चूर्णाचा डबा मी परत आणला, बिल नव्हतंच, डब्यावरचा पत्ता अर्धा पुसलेला. १९१५ वर तक्रार केली, क्रमांक मिळाला. आईची गोळी पुन्हा सुरू झाली, पंधरा दिवसांनी आकडा १४२ वर आला. पंचांगाचं ॲप तिनं स्वतःच काढायला सांगितलं. चंद्रोदय कॅलेंडरवर असतोच की, म्हणाली. त्या कॅलेंडरवर, चालू महिन्याच्या नावाशेजारी जी कोरी जागा असते, तिथं मी जाड स्केचपेननं दोन आकडे लिहिलेत. १९१५ आणि १९०९. खाली पतसंस्थेचं नाव, मध्ये दुधाचा हिशेब, वर हे दोन आकडे. तुमच्या घरच्या कॅलेंडरवरही आज लिहून ठेवा, चष्म्याशिवाय दिसतील एवढे मोठे.